एका वाँग माऊपासून अख्खी जात? बर्मीज मांजर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कशी रुजली

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. बर्मीज मांजराबद्दल वाचायला घेतलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: १९३० मध्ये वाँग माऊ नावाची एक तपकिरी मांजरी ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला आली आणि आजच्या बर्मीज मांजरांची ती मूळ माता. पुढचं मात्र कुणी नीट उलगडून सांगत नाही. माझ्या शंका अशा:

तिच्या जातीचा बोका अमेरिकेत नव्हताच, म्हणून तिला सयामी बोका दाखवला. मग पिल्लं निम्मी सयामी झाली. त्यातून "शुद्ध" बर्मीज कशी निघाली?

अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने, म्हणजे सीएफएने, १९३६ मध्ये जातीला मान्यता दिली आणि १९४७ मध्ये ती थांबवली. एकदा मान्य केलेली जात अशी बाजूला कशी काढतात?

आणि ब्रिटनमधली बर्मीज अमेरिकेतल्या बर्मीजपेक्षा इतकी वेगळी का दिसते? मूळ मांजरी तर एकच.

आनुवंशिकतेचं गणित आलं तरी चालेल, फक्त पायरीपायरीने सांगा.

---

वंशवेल

आधी एक गोंधळ दूर करू. बर्मीज आणि बर्मन या दोन वेगळ्या जाती आहेत. बर्मन म्हणजे लांब केसांचं, निळ्या डोळ्यांचं, पांढरे पंजे असलेलं मांजर. ती जात फ्रान्समध्ये वाढली. आपण बोलतोय ते आखूड, तुकतुकीत केसांच्या, सोनेरी डोळ्यांच्या तपकिरी मांजराबद्दल.

आता पहिली शंका. वाँग माऊला आणणारे डॉ. जोसेफ चीझमन थॉम्पसन हे अमेरिकी नौदलात डॉक्टर होते आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मानसोपचार करत. मांजरी लहान चणीची, अंगाने भरीव, अक्रोडाच्या रंगाची. चेहरा, कान, पाय, शेपूट अंगापेक्षा गडद. बघणाऱ्या जाणकारांचं मत पडलं की ही गडद झालेली सयामीच आहे. थॉम्पसन यांना ते पटलं नाही. ते पडताळायला त्यांनी जी जोडण्यांची मालिका केली, ती या जातीचा खरा पाया आहे. त्यांच्यासोबत व्हर्जिनिया कॉब आणि बिली गेर्स्ट या अनुभवी ब्रीडर होत्या आणि क्लाइड कीलर हे आनुवंशिकीचे अभ्यासक होते. या कामाचा निबंध १९४३ मध्ये 'जर्नल ऑफ हेरेडिटी'त छापून आला.

जोडण्या कळायला एवढंच लक्षात ठेवा: मांजराच्या गुणसूत्रावर रंगाची एक विशिष्ट जागा आहे, तिथे आईकडून एक प्रत येते आणि बापाकडून एक. या जागी बसू शकणाऱ्या दोन प्रतींना आपण "बर्मीज प्रत" आणि "सयामी प्रत" म्हणू.

पहिली पायरी: वाँग माऊ आणि ताई माऊ नावाचा सयामी बोका. पिल्लं दोन तऱ्हेची झाली. काही सरळ सयामी रंगाची, काही आईसारखी मध्यम तपकिरी. इथेच बरंच कळून चुकलं. सयामी बोक्याकडे द्यायला फक्त सयामी प्रत असते. तरीही निम्मी पिल्लं पूर्ण सयामी रंगाची होतात, म्हणजे आईकडेही एक सयामी प्रत असलीच पाहिजे. आणि उरलेली निम्मी तपकिरी होतात, म्हणजे आईकडची दुसरी प्रत सयामी नाही. वाँग माऊ स्वतःच संकर होती: एक बर्मीज प्रत, एक सयामी प्रत. आज अशा मांजराला आपण टॉन्किनीज म्हणतो.

दुसरी पायरी: तिच्या मध्यम तपकिरी मुलाशी पुन्हा तिचीच जोडी. आता आई आणि मुलगा दोघांकडे एकेक बर्मीज प्रत. पिल्लं तीन रंगांची आली. हिशोबाने चारात एक सयामी, दोन आईसारखी मध्यम, आणि एक गडद, जवळजवळ एकसारखी तपकिरी. हा गडद रंग वाँग माऊच्या अंगावरही नव्हता. दोन्ही बर्मीज प्रती एकत्र आल्या तेव्हाच तो उघड झाला.

तिसरी पायरी: गडद आणि गडद. पिल्लं सगळी गडद. मांजर "खरं उतरतं" असं ब्रीडर म्हणतात ते हेच. उलट तपासणीही झाली: गडद आणि सयामी यांची सगळी पिल्लं मध्यम तपकिरी.

तेव्हा तुमच्या "शुद्ध कशी निघाली" याचं उत्तर: आली तेव्हा ती जात शुद्ध नव्हतीच. वेगळं काढायचं होतं ते वाँग माऊच्या अंगात निम्म्याने होतं आणि दुसऱ्या पिढीत ते हाताला लागलं.

एक व्यावहारिक बाब. चारात एक म्हणजे प्रत्येक वेतात एक गडद पिल्लू मिळेलच असं नव्हे. चार पिल्लांच्या वेतात निदान एक गडद निघण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, पाच असतील तर ७६ टक्के. म्हणजे तीन-चार वेतांत एखादं वेत कोरडं जाणार हे धरूनच चालावं लागतं. शिवाय गडद पिल्लू जन्मतः गडद नसतं. दूध घातलेल्या कॉफीसारखा फिका रंग असतो, तो महिन्यामहिन्याने चढतो. दोन आठवड्यांच्या पिल्लावरून निकाल लावला तर हमखास चूक होते. डोळे अधिक भरवशाचे: मोठेपणी गडद बर्मीजचे डोळे पिवळे ते सोनेरी, सयामीचे निळे, मधल्याचे समुद्राच्या पाण्यासारखे निळसर हिरवे.

---

सायसाखर

वंशवेल यांनी जोडण्या अगदी मुद्देसूद सांगितल्या. रंगामागचं कारण मी जोडते, कारण पुढे नोंदणीचा जो घोळ झाला त्याचं मूळ याच कारणात आहे.

ही जागा म्हणजे टायरोसिनेज या विकराचं जनुक. काळा रंगकण बनवायची सुरुवात हे विकर करतं. सयामी आणि बर्मीज या दोन्ही प्रतींमध्ये ते थोडं बिघडलेलं आहे आणि उष्णतेने ढिलं पडतं. २००५ मध्ये डीएनए पातळीवर नेमका फरक सापडला: विकर ज्या अमिनो आम्लांच्या साखळीने बनतं तिच्यात, बर्मीज प्रतीत २२७ व्या जागी ग्लायसिनऐवजी ट्रिप्टोफॅन बसतं, सयामी प्रतीत ३०२ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन. सयामीचं विकर अंगाच्या उबेत जवळपास बंदच पडतं. कान, नाक, पंजे, शेपूट या थंड भागांतच चालतं. बर्मीजचं अंगभर चालतं, पण पूर्ण ताकदीने नाही. म्हणून काळ्याऐवजी गडद तपकिरी, आणि नीट पाहिलं तर कान आणि शेपूट किंचित जास्त गडद.

गर्भात सगळं अंग सारखंच उबदार, म्हणून पिल्लू फिकं जन्मतं. नसबंदीसाठी पोटावरचे केस काढले की नवे केस त्या जागी जरा गडद येतात, कारण उघडी कातडी थंड राहते. काही महिन्यांनी केस झडून पुन्हा आले की डाग जातो. घरचे उगाच घाबरतात.

याचा अर्थ असा की रंगाची छटा वय, ऋतू आणि घरातली थंडी-ऊब यांवर हलते. थंड घरातलं मध्यम तपकिरी मांजर उबदार घरातल्या गडद मांजराच्या बरंच जवळ जाऊ शकतं. डोळ्यांकडे लक्ष न देता नुसत्या अंगावरून ओळखायला गेलं की फसायला होतं. १९४० च्या दशकात डीएनए चाचणी नव्हती. होती ती नजर आणि वंशावळीचा कागद.

---

नोंदवही

दुसऱ्या शंकेवर येतो, कारण जात "रुजणं" म्हणतात ते मांजराच्या टोपलीत जेवढं घडतं तेवढंच नोंदणीच्या वहीत घडतं, आणि हा भाग लोक वगळतात.

१९३६ मध्ये सीएफएने मान्यता दिली तेव्हा गडद मांजरं मोजकी होती आणि सगळी एकमेकांची जवळची नातलग. ब्रीडरपुढे दोनच रस्ते. एक, भाऊ-बहीण, आई-मुलगा अशा जोडण्या लावत राहायचं. दोन, बाहेरचं रक्त आणायचं, आणि बाहेरचं म्हणजे सयामी, कारण ब्रह्मदेशातून नवीन मांजर मिळणं फार कठीण होतं. बहुतेकांनी दुसरा रस्ता धरला. आनुवंशिकतेच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. पहिल्या रस्त्याची किंमत पाहा: आई आणि मुलगा (मुलाचा बाप परका) यांच्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, २५ टक्के. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या पिल्लाचाही तेवढाच. त्यावर पुन्हा भाऊ-बहीण जोडले की ३७.५ टक्के. वेतं लहान होतात, पिल्लं अशक्त होतात आणि लपलेले दोष वर येतात.

पण दुसऱ्या रस्त्यात वेगळीच अडचण होती. गडद मांजर सयामीला लावलं की सगळी पिल्लं मध्यम तपकिरी. ती दिसायला देखणी, गिऱ्हाईक तयार, आणि "बर्मीज" म्हणून विकली जाऊ लागली. घेणाऱ्याने घरी दोन "बर्मीज" जोडल्या की वेतात सयामी पिल्लू निघायचं. जातीचं नाव आहे पण मांजर खरं उतरत नाही. नोंदणी करणाऱ्या संस्थेसाठी याहून मोठा दोष नाही, कारण नोंदणीचा कागद खरेदीदाराला हमी देतो ती नेमकी याचीच. म्हणून १९४७ मध्ये सीएफएने बर्मीजची नोंदणी थांबवली.

परतीची अट होती सलग तीन पिढ्या बर्मीजला बर्मीज. म्हणजे आई-बाप, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा असे १४ पूर्वज सगळे बर्मीज म्हणून नोंदलेले असावे लागत. १९५० च्या दशकाच्या मध्याला बंदी उठली. १९५८ मध्ये युनायटेड बर्मीज कॅट फॅन्सिअर्स ही ब्रीडरांची संघटना उभी राहिली आणि परीक्षकांसाठी एकच मापदंड लिहिला गेला. माझ्या मते अमेरिकेत जात पक्की झाली ती या दहा-बारा वर्षांत. १९३६ ची तारीख सगळे सांगतात, पण तेव्हा नाव मिळालं होतं, वंश अजून बसला नव्हता.

---

चैत्रपालवी

फार छान, एकेक गाठ सुटतेय. एक विचारू का? रंगासाठी दोन गडद मांजरं जोडली की काम झालं, असं वंशवेल म्हणतात. मग तीन पिढ्या कशासाठी? एका पिढीत दोन्ही बर्मीज प्रती येऊ शकतात की.

---

नोंदवही

रंगापुरतं तुमचं बरोबर आहे. संकर पिल्लू परत गडदला लावलं की निम्मी पिल्लं त्याच वेतात पूर्ण गडद. पण रंग एका जनुकाच्या हातात असतो. डोक्याची गोलाई, हाडाची जाडी, पायांची लांबी, शेपटीची बारीकी या गोष्टी अनेक जनुकांच्या. ती निवडून काढता येत नाहीत, हळूहळू विरवावी लागतात. सयामी संकराचं पिल्लू निम्मं सयामी. ते बर्मीजला लावलं की पुढचं पिल्लू पाव, मग अष्टमांश, मग सोळावा हिस्सा. तीन वेळा परत लावल्यावर सरासरीने सयामी वाटा ६.२५ टक्क्यांवर येतो. त्याआधी गडद रंगाचं, सोनेरी डोळ्यांचं, पण लांब तोंडाचं आणि काटकुळं मांजर सहज निघतं. प्रदर्शनात असं मांजर समोर आलं की परीक्षकाला हे बर्मीज म्हणायचं की रंगवलेलं सयामी, हाच प्रश्न पडे.

दुसरं कारण कागदाचं. एखाद्या मांजरात सयामी प्रत लपली आहे का हे तेव्हा बघायचं तर त्याला सयामी लावून पिल्लं मोजावी लागत. लपलेली प्रत असेल तर प्रत्येक पिल्लू सयामी रंगाचं निघण्याची शक्यता निम्मी. पाच पिल्लांत एकही सयामी नाही, तरी ३ टक्के शंका उरते. सात झाली की एका टक्क्याच्या आत. पण या चाचणीसाठी मांजरीचं एक वेत, म्हणजे ६३ ते ६५ दिवसांचं गाभणपण आणि पुढे पिल्लं सुटी होईपर्यंत १२-१३ आठवडे खर्ची पडतात, आणि ती पिल्लं जातीच्या कामाची नसतात. बोक्याचं तसं परवडतं, मांजरीचं नाही. तीन पिढ्यांची वंशावळ हा त्यावरचा स्वस्त उपाय होता. शंभर टक्के पक्का नाही, पण पुरेसा.

आज गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून प्रयोगशाळेला पाठवली की दोन्ही प्रती कळतात. तरी संस्थांनी पिढ्यांची अट सोडलेली नाही, आणि ते योग्यच आहे, कारण बांध्याची चाचणी काडीवर होत नाही.

---

बोकोबा

ब्रिटनची बाजू मांडतो. तिथे तपकिरी मांजरं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही पोचली होती. "चॉकलेटी सयामी" म्हणून ती दाखवली जात. पण त्यांना सयामी समजून सयामीलाच लावत गेले. वर दिलेलं गणित उलट्या दिशेने चालवा: दर पिढीला बर्मीज प्रतीचा वाटा निम्मा, आणि परीक्षक फिक्या अंगाच्या निळ्या डोळ्यांना बक्षीस देणार. काही पिढ्यांत बर्मीज प्रत हरवली. मांजर येऊनही जात रुजली नाही, याचं हे चांगलं उदाहरण. थॉम्पसन यांनी केलेली दुसरी जोडी, आई आणि तपकिरी मुलगा, ती इथे कुणी लावलीच नाही.

दुसरी सुरुवात १९४९ ची. इंग्लंडमधल्या एका दांपत्याने अमेरिकेतून एक बोका आणि दोन मांजरी आणल्या. आणणं म्हणजे काय ते आज लक्षात येत नाही. रेबीजच्या भीतीने ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या मांजराला सहा महिने सरकारमान्य क्वारंटाइनमध्ये पिंजऱ्यात राहावं लागे. ही सक्ती पाळीव प्राण्यांच्या प्रवास योजनेने सन २००० मध्ये सैल झाली, तोवर होती. २६ आठवडे म्हणजे मांजरीचे माजाचे कित्येक फेरे वाया. गाभण आणली तर तिथेच पिंजऱ्यात विते आणि पिल्लांची माणसांशी ओळख व्हायचे दिवस जाळीआड जातात. शिवाय राहण्या-खाण्याचा खर्च मालकाच्या माथी. म्हणून जो येई तो प्राणी फार निवडून आणला जाई आणि संख्या कमीच राही.

तरी तीनच वर्षांत, १९५२ मध्ये, तीन पिढ्या खरी उतरलेली मांजरं दाखवून गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी या ब्रिटनमधल्या नोंदणी संस्थेची, जीसीसीएफची, मान्यता मिळवली. अमेरिकेला १९३६ ते १९५० चं दशक एवढा काळ लागला ते काम ब्रिटनने झटक्यात केलं. कारण चाचणीच्या जोडण्या अमेरिकेत होऊन गेल्या होत्या आणि कागद सोबत आला होता.

आणि मग १९५५ मध्ये एका वेतात एक निळसर करडं पिल्लू निघालं. त्याचं नाव सीलकोट ब्लू सरप्राइज. रंग पातळ करणारी प्रत दोन्ही बाजूंनी लपून आली होती. जवळच्या नात्यात जोडी लागल्यावर दोन प्रती भेटल्या. मोजक्या पूर्वजांवर उभ्या राहिलेल्या जातीत असं होतंच. वेगळ्या रंगाचं पिल्लू दिसलं की पहिली शंका "बाहेरचा बोका शिरला" अशी येते, पण आधी वंशावळीत समान पूर्वज शोधावा.

ब्रिटिशांनी तो रंग स्वीकारला. पुढे १९६० च्या दशकात लाल, मलई आणि कासवरंगी बर्मीज घडवायला मुद्दाम बाहेरचं रक्त आणलं: आखूड केसांचं लाल मांजर, लाल टोकांचा सयामी, शेतावरची कासवरंगी मांजरी. लाल रंग एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे बोक्याला एक प्रत पुरते आणि मांजरीला दोन लागतात. यात एक अडचण कायम राहिली: लाल रंगात पट्टे झाकणारं जनुक चालत नाही, म्हणून कपाळावर आणि पायांवर पट्ट्यांची सावली दिसते. पिढ्यानपिढ्या कमी पट्टे असलेली पिल्लं निवडत गेलं की ती फिकी होते, पुसली जात नाही.

अमेरिकेत नेमकं उलट झालं. तिथे बराच काळ बर्मीज म्हणजे फक्त गडद तपकिरी, ज्याला ते सेबल म्हणतात. शँपेन, निळा, प्लॅटिनम हे रंग तिथल्याच वेतांत निघत. पण सीएफएने १९७९ पासून त्यांना मलायन या वेगळ्या नावाखाली ठेवलं आणि १९८४ मध्ये परत बर्मीजमध्ये घेतलं. एकाच वेतातली भावंडं दोन जातींची! वाचताना दोन्हीकडच्या नावांची फोड लक्षात ठेवा: अमेरिकेचा सेबल तो ब्रिटनचा ब्राऊन, शँपेन तो चॉकलेट, प्लॅटिनम तो लायलॅक.

---

चैत्रपालवी

आणि बांधा? तो कसा बदलला?

---

वंशवेल

त्यासाठी दोन्हीकडचे मापदंड शेजारी ठेवून वाचा. अमेरिकेत डोकं गोल, नाक-तोंड आखूड, डोळे गोल, अंग आखूड आणि वजनदार. हातात घेतल्यावर दिसतं त्याहून जड लागतं. "रेशमात गुंडाळलेली वीट" ही तिथली ठरलेली उपमा. ब्रिटनमध्ये डोकं वरून रुंद आणि खाली बोथट त्रिकोणात उतरलेलं, पाय सडपातळ, अंग भरीव पण आटोपशीर. डोळ्याची वरची कड सरळ, नाकाकडे तिरकी, खालची गोल. परीक्षक ज्याला पहिलं बक्षीस देणार त्याच बोक्याकडे सगळ्यांच्या मांजरी जाणार. छोट्या जातीत एक लोकप्रिय बोका दहा वर्षांत चेहरा बदलतो.

अमेरिकेत तसंच झालं, आणि इथून पुढचा भाग वाईट आहे. १९७० च्या दशकात एका वंशात फार आखूड तोंडाची, गोल कपाळाची पिल्लं दिसू लागली. प्रदर्शनांत ती जिंकू लागली. या तऱ्हेला "कंटेम्पररी" म्हणतात, जुन्या तऱ्हेला "ट्रॅडिशनल". मग अशी दोन मांजरं एकमेकांना लावली की काही पिल्लं कवटीचा वरचा भाग न जुळलेली, वरच्या जबड्याचा भाग दुहेरी झालेली जन्मू लागली. ती जगत नाहीत. अनेकदा जिवंत जन्मतात आणि मरण द्यावं लागतं. आईलाही बाळंतपण जड जातं.

कारण २०१६ मध्ये सापडलं: एएलएक्स१ या जनुकातला बारा अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. एका प्रतीने तोंड आखूड होतं, दोन प्रतींनी पिल्लू मरतं. म्हणजे परीक्षक ज्या चेहऱ्याला बक्षीस देत होते तो चेहरा म्हणजेच वाहक असल्याची, म्हणजे दोषाची एक प्रत अंगात असल्याची खूण. वाहक आणि वाहक: चारात एक पिल्लू दोषी. वाहक आणि साफ (एकही दोषी प्रत नसलेलं): दोषी एकही नाही, निम्मी वाहक. हिशोब वाँग माऊच्या दुसऱ्या जोडीचाच आहे, तोच एक-दोन-एक.

जीसीसीएफने अमेरिकेहून आलेल्या बर्मीजची नोंदणी बंद केली, आपला वंश राखायला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातल्या बहुतेक देशांनी मांजरं ब्रिटनमधून घेतली, म्हणून तिकडचा बांधा ब्रिटिश. सीएफएने शेवटी त्या बांध्याला युरोपियन बर्मीज या नावाने वेगळी जात म्हणून जागा दिली. तुमच्या तिसऱ्या शंकेचं उत्तर हे: माता एक, पण वह्या दोन आणि परीक्षक दोन.

---

सायसाखर

जातीचा पाया अरुंद असण्याची किंमत ब्रिटिश वंशानेही मोजली आहे, हे सांगायलाच हवं. २००८ मध्ये जातिवंत मांजरांच्या डीएनएची तुलना झाली तेव्हा सगळ्यात कमी वैविध्य असलेल्या जातींत बर्मीज आणि सिंगापुरा निघाल्या.

पोटॅशियम घसरण्याचा आजार ब्रिटिश वंशाच्या मांजरांत आढळतो. पिल्लू साधारण दोन ते सहा महिन्यांचं असताना मान खाली पडते, हनुवटी छातीला लागते, चाल ताठर होते, उडी मारवत नाही. मग काही दिवस बरं दिसतं आणि पुन्हा तेच. मान पडलेलं पिल्लू दिसलं की डॉक्टरांना रक्तातलं पोटॅशियम लगेच तपासायला सांगावं. लक्षण नसलेल्या दिवशी आकडा बरा येऊ शकतो, म्हणून एका तपासणीवर सोडून देऊ नये. उपचार तोंडावाटे पोटॅशियम ग्लुकोनेट, मात्रा डॉक्टर ठरवतील. दोष डब्ल्यूएनके४ जनुकात आहे, दोन प्रती लागतात, आणि २०१२ पासून डीएनए चाचणी आहे.

मधुमेह हा दुसरा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या बर्मीजमध्ये इतर मांजरांच्या मानाने तो कितीतरी जास्त आढळतो, अमेरिकी वंशात तसा नाही. एका जनुकाची चाचणी यासाठी नाही. वजन आटोक्यात ठेवणं, कोरड्या पिठूळ खाण्यापेक्षा ओलं, प्रथिनांचं खाणं, आणि आठ वर्षांनंतर पाणी पिणं किंवा लघवी वाढली तर लगेच साखर तपासणं, एवढं हातात आहे. जीएम२ गँग्लिओसिडोसिस नावाचा मेंदूचा आजार मात्र अमेरिकी वंशात सापडला, त्याची चाचणी आहे.

ब्रीडरकडून पिल्लू घेणार असाल तर तीन कागद मागा: आई-बापांचा पोटॅशियमचा आणि जीएम२ चा अहवाल, अमेरिकी वंश असेल तर डोक्याच्या दोषाचाही, आणि निदान पाच पिढ्यांची वंशावळ. वंशावळीत तेच नाव दोन्ही बाजूंना किती वेळा येतं ते पेनने गोल करून बघा. दोनच पिढ्यांवर गुणांक काढून "शून्य टक्के" सांगणारे असतात. या जातीत तो आकडा दहा पिढ्यांवर काढला तरच अर्थ आहे, कारण मागे गेलं की सगळे एकाच मांजरीशी पोचतात.

आणि ब्रीडर मंडळींना एक कळकळीची विनंती. पोटॅशियमचा वाहक निघाला म्हणून चांगलं मांजर लगेच बाद करू नका. साफ मांजराशी जोडी लावा: एकही पिल्लू आजारी होणार नाही, निम्मी साफ निघतील, त्यांतलं उत्तम पुढे ठेवा. सगळे वाहक एकदम काढले तर आधीच अरुंद असलेला पाया आणखी अरुंद होतो आणि दुसराच एखादा दोष वर येतो. डोक्याच्या दोषाचं वेगळं: तिथे वाहकाला वाहक लावणं कोणत्याही कारणाने करू नये.

---

बोकोबा

शेवटी एक भर, कारण ती या धाग्यात हवीच. मंडाले-रंगून ही नावं आपल्याला टिळकांच्या सहा वर्षांच्या कारावासामुळे घरची वाटतात, पण त्या देशात या मांजराचं काय झालं हे फार कुणाला माहीत नसतं. स्थानिक मांजरांत रक्त मिसळत गेलं आणि बाहेर "बर्मीज" म्हणून ओळखलं जाणारं गडद मांजर तिथे दिसेनासं झालं. २००८ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातून सात बर्मीज म्यानमारला नेली आणि इनले तळ्याकाठी त्यांची पैदास सुरू केली. म्हणजे तीच जात आता तिच्या मूळ देशात बाहेरून आणून रुजवावी लागली.

तिथेही पहिला प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोतलाच. मांजरं मोकळी सोडली तर गावातल्या बोक्यांकडून गाभण राहणार. बर्मीज प्रत एकेरी होऊन पिल्लांत लपणार आणि तो रंग पुन्हा दिसेनासा होणार. म्हणून पैदाशीच्या मांजरी बंदिस्त, आणि ज्यांची पैदास करायची नाही त्यांची नसबंदी वेळेवर. मांजरी सहा महिन्यांच्या आसपास माजावर येऊ शकते, बर्मीज तर कधी त्याआधीच, तेव्हा "वर्षाची झाल्यावर बघू" म्हणणाऱ्याकडे पहिलं वेत परक्या बोक्याचं होतं.

---

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. वंशवेल, तुमची तीन पायऱ्यांची मांडणी वहीत उतरवून घेतली. एकच खात्री करून घेते: आज कुणी टॉन्किनीजला टॉन्किनीज लावलं, तर वेतात वाँग माऊच्या दुसऱ्या जोडीसारखे तिन्ही रंग येतील ना?

---

वंशवेल

हो, अगदी तेच. चारात एक सयामी रंगाचं, दोन मधल्या रंगाची, एक गडद. सगळी मधलीच हवी असतील तर जोडी एकच: एक गडद बर्मीज आणि एक सयामी.